भावोजींनी धुतलेला पंप

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावोजींनी, आयुष्यात एकाच वस्तूला मनापासून आंघोळ घातली आहे; ती म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. त्यांची स्कूटर मूळची कुठल्या रंगाची, यावर घरात दोन मतं आहेत. स्वतःच्या आंघोळीला ते ताईच्या तिसऱ्या हाकेशिवाय उठत नाहीत. चष्मा लेंग्याला पुसतात आणि तो आणखी धूसर झाला की ‘आज हवा कुंद आहे’ म्हणतात. पण तणनाशक मारून झालं, की हाच माणूस रबरी हातमोजे चढवून पंपापुढे असा बसतो, की ताईसुद्धा अंगणातून दबक्या पावलांनी जाते.

साजगावच्या एका कारखान्यात भावोजींनी जन्मभर मालाची तपासणी केली आणि निवृत्तीनंतर लोधिवलीच्या घरामागच्या आठ गुंठ्यांत ते शेतकरी झाले. तपासनिसाची सवय मात्र सुटली नाही. भाकरी, पाव्हणे, पाऊस, सगळं त्यांच्या लेखी एकतर पास नाहीतर नापास. मला त्यांनी लग्नाच्या बैठकीतच ‘फेरतपासणीसाठी राखून’ ठेवलं होतं. निकाल अजून लागायचा आहे.

पंप मात्र पहिल्यापासून एवढा लाडका नव्हता. पहिल्या वर्षी बांधावरच्या गवतावर तणनाशक मारलं, टाकीत तांब्याभर पाणी घालून खळखळवलं, ओतलं आणि पंप खुंटीला टांगला. दोन दिवसांनी वरच्या ठाकरवाडीतली हिरीबाई आली. ओढ्याकाठी तिची काकडी होती आणि ती काकडी घेऊन ती चौक गावच्या नाक्यावर बसायची. वेलांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला होता, निंबोळीचा अर्क मारायला तिला पंप हवा होता. “ने की! आपला पंप म्हणजे एकदम स्वच्छ,” असं म्हणत भावोजींनी स्वतः तो तिच्या पाठीला लावून दिला.

आठवड्याने हिरीबाई परत आली ती हातात एक वेल घेऊन. मी त्या दिवशी कर्जतहून तिथे गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. पानं मुठी आवळल्यासारखी आक्रसली होती आणि शेंडा दोरीसारखा पिळवटला होता. ती ओरडली नाही, की रडली नाही. वेल ओट्यावर ठेवून म्हणाली, “भाव, तुमचा पंप बिमार हाय.”

“अगं, मी धुतलाय तो!” भावोजी उसळले. “तुझ्या अर्कातच काहीतरी असेल.” आणि आपलं म्हणणं सिद्ध करायला त्यांनी पंपात नुसतं पाणी भरून स्वतःच्या लाडक्या टोमॅटोच्या ओळीवर मारलं. चार दिवसांनी त्या टोमॅटोनेही मुठी आवळल्या. ताई सांगते, त्या सकाळी भावोजी त्या ओळीपुढे बराच वेळ उकिडवे बसून होते. मग उठले, आणि चहासुद्धा न घेता वाडीची चढण चढून गेले.

“चूक माझी होती, हिरीबाई. माझी काकडी तुझी. सगळी ओळ.”

“तुमची काकडी?” हिरीबाई म्हणाली. “तिला मांडव नाय, खत नाय. चला, दावते.”

त्या मोसमात हिरीबाई रोज येऊन भावोजींच्या काकडीला वळण लावत होती आणि जमलं तर भावोजींनाही. ती काकडी तिने नाक्यावर नेली. भावोजींनी मात्र स्वतःला जे नापास केलं, ते केलंच.

तेव्हापासून हे धुणं सुरू झालं. पहिलं पाणी नोझलमधून त्याच बांधावरच्या तणावर फवारायचं. ओढ्याकडे एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. मग धुण्याचा सोडा कालवून टाकी भरायची, थोडं पाणी नळीतून सोडायचं आणि बाकीचं रात्रभर तसंच ठेवायचं. पहिल्या खेपेला त्यांनी ताईचा खायचा सोडा नेला होता. त्या दिवशीचा बिनसोड्याचा ढोकळा आम्ही सुरीने कापला तेव्हा ताटलीला चरा गेला. सकाळी गाळणी, नोझल, वॉशर सगळं सुटं करून जुन्या टूथब्रशने घासायचं आणि पुन्हा तीन पाणी. एवढ्यावरही पंप पास होत नाही. रंगाच्या जुन्या डब्यात टोमॅटोचं एक रोप असतं, त्यावर पंपातलं पाणी मारून आठवडाभर वाट पाहायची. एकदा शेजारची शेळी ते परीक्षेचं रोप खाऊन गेली, तर भावोजी तीन दिवस शेळीच्या मागे फिरत होते. “कान वळलेत का गं हिचे?” असं तिच्या मालकिणीला विचारत होते.

“तणनाशकाला दुसरा पंप आणा ना,” मी एकदा सुचवलं. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की फेरतपासणीचा निकाल काय लागणार, ते मला तिथेच कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा पंप नुकताच धुऊन ओट्यावर उन्हात पालथा घातला होता. भावोजींची बोटं आता थरथरतात. एक वॉशर बसवायला त्यांना अर्धा तास लागला होता. तेवढ्यात हिरीबाई आली. तिच्या काकडीवर पुन्हा मावा पडला होता आणि वेल ऐन फुलोऱ्यात होते.

“आजच पायजे, भाव.”

“आज नाही. रोपावर आत्ताच पाणी मारलंय. आठ दिवस थांब.”

“आठ दिसांनी वेल ऱ्हातील का?” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “तुमी धुतलाव ना?”

“मीच धुतलाय.”

“मंग द्या.”

भावोजींनी पंप उचलला, तिच्या पाठीला लावला आणि पट्ट्याची कडी अडकवू लागले. ती घाईत होती, तरी कडी लागेपर्यंत पाठ वळवून शांत उभी राहिली. मग झपाझप चढण चढून गेली, आणि भावोजी ओट्याच्या कडेला बसून लेंग्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले, बराच वेळ. या खेपेला हवा कुंद आहे, असं मात्र ते म्हणाले नाहीत.