चौथी मात्रा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या स्टँडवर तळोद्याच्या गाडीची वाट पाहत होते. दादाकडेच निघाले होते. "आता घाई करू नको, बाई..." एवढंच ती म्हणाली. दादा गेला होता. गाडी लागली, सुटली, तरी मला बाकावरून उठवेना. दम्याने त्याला शेवटी पार पिळून काढलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ आम्हीही थकलो होतो.

शमुवेलदादा, माझा थोरला भाऊ, आमच्या लहानशा चर्चमध्ये दर रविवारी पेटी वाजवायचा. बाकीचे कानाने वाजवत, हा पाच रेघांवर लिहिलेल्या सुरांच्या टिकल्या वाचून. मलाही त्यानेच शिकवलं. सुरुवातीला एकावर एक दोन आकडे असतात. वरचा सांगतो एका घरात, म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये, मात्रा किती, खालचा सांगतो कोणती टिकली एक मात्रा धरायची. वर तीन, खाली चार म्हणजे एकेका काळ्या टिकलीची एक, अशा तीन मात्रा. एवढं डोक्यात शिरायला मला अख्खा उन्हाळा लागला, टपल्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

मंडळी मात्र ओळ संपली की ऐसपैस श्वास घ्यायची आणि तिनाच्या चार मात्रा व्हायच्या. दादा वैतागून पेटी थांबवायचा. "मावशी, तीन म्हंजे तीनच. चौथी कोठेन उनी?" पुढच्या बाकावरच्या राहेलमावशी कुठल्या ऐकायला! "तुन्हा कागदले दम लागत नही भाऊ, आमले लागस." वर्षानुवर्षं हेच चाललं. शेवटी त्याच्या हट्टापुढे सगळ्यांनी हात टेकले आणि सगळे मधेच चोरून श्वास घ्यायला शिकले.

त्याच्या शेवटच्या रविवारी तो कुणाचं न ऐकता आला. भाता हलवतानाच धाप लागत होती. तीन मात्रांच्या एका गीताची दुसरी ओळ संपली तसा त्याचा हात थांबला... आणि मंडळी थांबली नाही. अगदी मापात पुढे निघून गेली. "आते शिकनात," शिकले एकदाचे अशा सुरात तो मला म्हणाला आणि पेटी माझ्याकडे सरकवली. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

आता पेटी मीच वाजवते. खरं सांगायचं तर जीवावर येतं. गेल्या रविवारी तेच गीत निघालं आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी सगळेच्या सगळे थांबले. दादाची सारी मेहनत पाण्यात गेली असं वाटून मला रागच आला. बाहेर पडताना राहेलमावशींना तसं बोलले.

त्यांनी माझा हात धरला. "दम लेवाकरता नही थांबनूत, माय. त्या दिनले तो मांगे ऱ्हाई गयता ना... त्यानाकरता थांबनूत."