पायथ्याची जागा

माझी सासू वच्छलाबाई. तिला मी आत्याबाई म्हणायचे. एका जागी बसणं तिला ठाऊकच न्हवतं. छातीत पाणी झालं, डॉक्टरनं 'आता घरीच ठेवा' म्हणून सांगितलं, तरी बाईची घरभर येरझार चालूच. दोन पावलं टाकायची, धाप लागली की भिंतीला टेकायची, परत चालायची. तिच्याकडं बघून बघून मलाच धाप लागायची. मला वाटलं, मरणाला भ्याली असंल. विचारलं तर माझ्यावरच खेकसली.

"मरणाला काय भ्यायचं गं? मी प्रभूकडं चाललेय. जीव अडकलाय तो तुझ्या सासऱ्यात."

सासरे म्हंजे बिभीषणमामा. ते दोन वर्षांखालीच गेल्ते. बदनापूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच, म्हणून त्यांना रानातच बांधाला पुरलं. जालन्याहून चर्चचे पाळक यायला उशीर झाला, अन् मामांच्या भावकीनं खड्डा खांदून, माती लोटून मोकळं केलं. माणसं मायेची, पण मेंढरामागं फिरणारी, ख्रिस्ती न्हाईत. आमची रीत त्यांना काय ठावं? त्यांनी डोकं उगवतीला ठेवलं अन् पाय मावळतीला. आमच्यात पाय उगवतीला करतात. प्रभू उगवतीकडून येणार, शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की मेलेला माणूस कबरीतून उठून बसणार, तर त्याचं तोंड बराबर प्रभूकडं पाहिजे. रडण्याच्या नादात आमच्याही कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

यंदा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला आत्याबाईला जालन्याच्या कबरस्तानात नेलं. दिवस उगवला तशी ती क्रूसांच्या ओळीकडं टक लावून बघत राह्यली. सगळे क्रूस डोक्याशी, कबरींच्या मावळतीच्या टोकाला. घरी न येता ती सरळ रानात गेली. मामांचा क्रूस उगवतीच्या टोकाला! त्या दिवसापासून तिची झोपच उडाली.

"त्यांना उकरा अन् फिरवून ठेवा," तिनं धोशाच लावला. माझा नवरा कल्याण, तिचा एकुलता एक. तो हबकलाच. "माय, बापाची माती उकरू का मी?"

शेवटी सोमेश्वर पाळकांना बोलावलं. त्यांनी गोडीनं समजावलं, "वच्छलाबाई, देवाला दिशा लागत नाहीत."

"देवाला न्हाई लागत हो, ह्यांना लागतात!" आत्याबाई उसळली. "बदनापूर स्टेशनाच्या बाहेर आलं की जन्मभर हा माणूस गावाच्या उलट्या अंगाला चालायला लागायचा. दर बारीला मीच हात धरून वळवायचे. सगळे प्रभूकडं जातील, अन् हे एकटेच मावळतीकडं बघत बसतील, कुणीच कसं येऊन न्हाई राह्यलं म्हणून!"

पाळकांना हसू आलं. मला मात्र संताप आला. पोटात अन्नाचा कण न्हाई, अन् बाईला काळजी कशाची, तर मेलेल्याचं तोंड कुठं हाये! मी भांडी आदळली. "आत्याबाई, पडा की जरा निवांत!"

"मी निवांत पडल्यावर त्यांना कोण बघंल?" ती म्हणली. ज्या माणसाला तिनं जन्मभर येता-जाता टोचून खाल्लं, त्याच्यासाठी!

मंग एका सकाळी हटूनच बसली, मला रानात न्या. कल्याणनं अन् भावकीनं बाजेवर घालून नेलं. कल्याणनं मामांच्या शेजारची जागा दगड लावून राखली होती. "माय, ही तुझी. बापाच्या बाजूला," तो म्हणला.

आत्याबाईनं क्रूसाकडं बघितलं, वर आलेल्या दिवसाकडं बघितलं. मंग काठीनं मामांच्या पायथ्याकडं दाखवलं. तिथं आमचा कापूस उभा होता.

"इथं न्हाई, तिथं. त्यांच्या पायांना माझे पाय लागू द्या. माझं डोकं मावळतीला, आपल्या रीतीनं. मी उठले की समोर हे, अन् ह्यांच्या पाठीमागून प्रभू येताना दिसंल. मंग धरते ह्यांचा हात अन् वळवते." जरा दम घेऊन म्हणली, "लय लांब ठेवू नका. हात पोचला पाहिजे."

कल्याण बाजेला धरून ढसाढसा रडला. आत्याबाई घरी आली अन् भर दुपारी घोरायला लागली. मी दहादा जाऊन तिचा श्वास बघितला. आता मलाच एका जागी बसवंना.

थोड्याच दिवसांत ती गेली. या टायमाला पाळक आधी आले. मी मात्र कुणावरच भरवसा ठेवला न्हाई. टिकाव घेतलेल्या माणसांपुढं जाऊन उभी राह्यले. भावकीतले काकासाहेब म्हणले, "सूनबाई, मधी जास्ती जागा सोडू. न्हाईतर माती ढासळंल."

"बिलकुल न्हाई," मी म्हणले.

मला मरणाची लय भीती वाटायची. अजून वाटते. तरी मामांच्या पायथ्याशी मातीत फतकल मारून बसले अन् मावळतीकडं हात लांब केला. "ह्या बोटांपाशी तिचे पाय. पुढं न्हाई."

काकासाहेबांनी खूण करायला टिकाव उचलला. तेवढ्यात मला आठवलं, आत्याबाईचा हात माझ्यापेक्षा आखूड होता. मी कोपर थोडं दुमडून घेतलं.