वरच्या मजल्यावरचे दोन देश

एका माणसाला एकच देश असतो, हे न मानणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच होता. अख्ख्या बहरीनची मी चौकशी केलेली नाही, तेव्हा माझ्या ओळखीत एकच, असं म्हणतो. नव्वदच्या दशकात माहूजमधल्या आमच्या इमारतीत ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. मूळचे रत्नागिरीकडचे, मआमीरजवळच्या एका कारखान्यात क्रेनवर फोरमन. सारी इमारत त्यांना चाचा म्हणे. मी बँकेत हिशेब पाहायचो, म्हणून ते मला हिशेबनीस म्हणत.

चाचांचा देश समोरच्या माणसावर ठरे, आणि तोही उलटा. कोणी भारतीय इथल्या उकाड्याला नावं ठेवू लागला की चाचा दुखावत. "आमचा उन्हाळा सोसत नसेल तर एसीत बसा," असं ऐकवत. उलट, कारखान्यातल्या एका बहरीनी सोबत्यानं पाकिस्तानी आंबा हापूसपेक्षा गोड असतो असं म्हटलं, तेव्हा चाचा दोन दिवस त्याच्याशी फक्त हातांच्या खुणांनी बोलले. क्रेनचं काम खुणांवरच चालत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही, याचंही त्यांना वाईट वाटलं. शुक्रवारी ते अरबांसारखा पांढराशुभ्र झगा घालून नमाजाला जात. घरी येऊन झगा उतरवला की आत चौकटीची लुंगी असे. पण कळस म्हणजे ईद. चंद्र इथे बहुधा एक दिवस आधी दिसे. इथली ईद इथल्या लोकांबरोबर झाली की दुसऱ्या दिवशी चाचा रत्नागिरीला फोन लावत, तिथली ईद सुरू झाल्याची खात्री करून घेत आणि पुन्हा नवे कपडे घालून सगळ्यांना मिठ्या मारत. शिरखुर्माही दोनदा होई. दुसऱ्या दिवशीचं पातेलं घेऊन चाची आमच्याकडे येत आणि माझ्या बायकोला म्हणत, "चांद एकच हाय भाभी, पन ह्यांना दोन लागतात."

इथवर ठीक होतं. मग चाचांची निवृत्ती जवळ आली. नोकरी संपली की व्हिसा संपणार, म्हणजे मुलगी आणि नातवंडं इथे आणि हे दोघं रत्नागिरीला. पंचवीसहून जास्त वर्षं राहिल्यामुळे बहरीनचं नागरिकत्व मिळत होतं, अर्ज मंजूरही झाला होता. फक्त भारताचा पासपोर्ट सोडायचा होता. चाचा रोज संध्याकाळी खाली येऊन बसू लागले.

"हिशेबनीस, तुमच्या बँकेत एक माणूस दोन खाती ठेवतो ना?"

"ठेवतो."

"मग मलाच का नाय?"

"खाती दोन चालतात, चाचा. पण एकच रक्कम दोन्हीकडे जमा दाखवता येत नाही."

"म्हणजे मी रक्कम झालो काय?" असं म्हणून ते चहा न घेताच वर गेले.

शेवटी चाचींनीच सांगून टाकलं, "पोरांना सोडून मी जायची नाय. तुमचं तुमी बघा." त्या आठवड्यात मीच त्यांना वकिलातीत घेऊन गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "तो आपने इंडिया छोड़ दिया, चाचा?"

"छोड़ा किधर? पासपोर्ट दिया," चाचा म्हणाले.

पुढच्या वर्षी पुतणीच्या लग्नाला ते गावी गेले, रीतसर व्हिसा काढून. परतल्यावर त्यांनी आम्हाला वर चहाला बोलावलं. मुंबईच्या विमानतळावर परदेशी लोकांच्या रांगेत उभं राहायला त्यांना मजाच वाटली होती. ती रांग लहान होती म्हणे. खिडकीतला अधिकारी तरुण होता, मराठीच होता. चाचांनी त्याच्या प्रश्नांना मराठीत उत्तरं दिली. शिक्का मारता मारता तो कौतुकानं म्हणाला, "मराठी छान बोलता हो तुम्ही. कुठे शिकलात?"

"मग काय सांगितलंत?" मी विचारलं.

"थँक्यू म्हटलं," चाचा हसत म्हणाले. चाची हसल्या नाहीत. त्यांनी चाचांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.