धुळीखालचा सांधा

आधी माफी मागतो. बालाजीविषयी लिहावं इतका मी कुणी मोठा नाही, आणि गेलेल्या माणसावर राग धरून लिहू नये हेही मला कळतं... पण त्याची धाकटी बहीण सुनीता म्हणाली, "दादा, कॉलेजात गेलेले तुमीच. तुमीच लिवा." तो काविळीने गेल्याचं मला माती होऊन गेल्यावर, नेकनूरच्या बसमध्ये कळलं होतं.

माझा मित्र बालाजी लग्नांचं शूटिंग करायचा. माझे वडील, अण्णा, ऊसतोडीला लागण्याआधी जत्रांतले आखाडे गाजवणारे पैलवान. तालमीतली पोरं अजून त्यांची चाहती. त्या पोरांसाठी आम्ही दोघांनी अण्णांचा व्हिडिओ करायला घेतला. अण्णांच्या शेवटच्या कुस्तीची एकच क्लिप होती, मामाच्या जुन्या मोबाइलवरची, चेहरा चौकटी-चौकटींत फुटलेली. त्या मोबाइलचं कार्डच मी बालाजीकडे दिलं. त्याने कॅमेऱ्यात टिपलेला त्या वर्षीचा आखाडा शेजारी इतका लख्ख दिसायचा, की अण्णा परके वाटायचे. मी म्हणालो, क्लिप जरा स्वच्छ कर. तो हसला. "बे, फुटक्याला घासलं की प्लास्टिक दिसतंय. चांगल्यालाच खाली आणावं लागतं." मग त्याने स्वतःच्याच लख्ख चित्राचे रंग उतरवले, त्यावर जुन्या क्लिपसारखे कण पसरले, आणि पैलवान माती उधळतो बरोबर तिथे जोड दिला. जुनी माती उडाली, नवी खाली बसली... सांधा मलाही सापडेना. माझ्या बापासाठी आपलं चांगलं काम मळवणारा मित्र, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.

पुढे तोच व्हिडिओ एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मोबाइल-मोबाइलवर फिरला. अण्णांनी समोरच्याला चीत करून हात वर केला, धूळ उडाली, आणि धुळीतून पुढाऱ्याचा हात वर आला. सांधा तितकाच सफाईदार. अण्णा हसले. "कुस्ती म्या मारली अन् वाढदिवस त्याचा?" आणि मोबाइल पालथा ठेवून उठले.

मी जाब विचारला, तर बालाजी म्हणाला, "लई मनावर घेऊ नको बे. तुझ्या अण्णाला तालुक्यानं बघितलं न्हाई का?" मी कार्ड परत मागितलं. काम संपलं की कॉम्प्युटरवरचं कच्चं चित्रण तो उडवायचा. अख्खी कुस्ती आता त्या कार्डावरच होती. भेटला की मागायचो. दर वेळी तेच... "हाय ना बे. मी काय पळून चाललोय का?"

तो व्हिडिओ मी अजून बघतो, मातीपुरता. तिथे अण्णा आहेत, आणि कण पसरणारा बालाजीही आहे. पुढाऱ्याचा हात यायच्या आत बंद करतो.

काल सुनीताचा फोन आला. कॅमेऱ्याच्या पिशवीत कार्ड सापडलं होतं, वर त्याच्याच अक्षरात अण्णांचं नाव. मी घाईने विचारलं, "कुस्ती दिसते का?"



"न्हाई दादा. ते पुसून त्याच्यावर त्या वाढदिवसाचं शूटिंग केलंय."