रकमनचा उजवा गुडघा

१५ ऑक्टोबर २००६. आमच्या इमारतीत रविवारी वॉशिंग मशीन लावलेलं चालत नाही, म्हणून संघाच्या चिखलाने माखलेल्या जर्सी बाथटबमध्ये टाकून मी ब्रशने घासत होते. सीझन आदल्या दिवशी संपला होता. ट्रेनर चार वाजता जर्सी न्यायला येणार होता. त्याला माझी वहीही हवी होती.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा तो हौशी क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचा. चेंडू लांबट, हात-पाय दोन्ही चालतात. पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, तेव्हा दोन्ही संघांतला एकेक उंच गडी समोरासमोर झेपावतो आणि चेंडू आपल्या माणसाकडे ढकलतो. तो रकमन. आमचा रकमन म्हणजे माझे धाकटे दीर. सहा फूट चार इंच, इंजिनिअर, आमच्याच घरी राहणारे. प्रत्येक मॅचला मी रेषेबाहेर बसून कुठला चेंडू त्यांनी जिंकला, कुठला घालवला, ते लिहून ठेवायचे.

ट्रेनर कॉफी पिता पिता म्हणाला, "सीझन झकास गेला त्याचा. पुढच्या वर्षी पूर्ण वेळ त्यालाच उतरवणार. दुसरा एवढा उंच आहे कोण?"

"झकास अर्धाच गेला," मी वही उघडली. "मेपर्यंत उडी मारून चेंडू घेत होते. जूनपासून पाय जमिनीवरून सुटत नाहीत, नुसत्या हाताच्या लांबीवर चाललंय. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर खांबासारखे उभे."

"थकवा असेल."

"अगं, खेळाडू आहे तो, पाय दुखणारच," सोफ्यावरून नवरा बोलला. दोन जिने चढताना ह्याला धाप लागते.

"भाऊजी, उभे राहा," टेबलापाशी बसलेल्या दिरांना मी म्हटलं. "फक्त उजव्या पायावर. आता गुडघा वाकवा आणि उठा."

"अहो वहिनी, पाहुण्यांसमोर परेड कसली?"

"पाहुण्यांसाठीच आहे."

ते वीतभर खाली गेले आणि त्यांनी टेबलाची कड गच्च धरली. चेहरा पांढराफटक. ट्रेनरने पाहिलं आणि म्हणाला, "हिवाळाभर आराम केला की मार्चमध्ये तयार होईल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मार्चमध्ये तुम्हाला रकमन हवाय. त्यांना म्हातारपणापर्यंत पाय हवेत. समोरच्या गड्याच्या गुडघ्यावर गुडघा आपटून आत काय तुटलंय ते कोणी बघितलं? तुम्ही? की ह्या सोफ्यावरच्या डॉक्टरांनी?"

"आमच्यावर कशाला चिडताय, वहिनी?" दीर हळूच म्हणाले. "दर शनिवारी पट्टी तर तुम्हीच बांधायचात."

खरं होतं. जूनमध्ये ते सुजलेला गुडघा घेऊन स्वयंपाकघरात आले होते. "आजच्यापुरतं बांधा. ट्रेनरला सांगू नका, बाहेर बसवेल." मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिकमध्ये तपासल्याशिवाय कुणाच्या गुडघ्याला हात लावत नाही. इथे पोळ्या लाटता लाटता हात धुतले आणि पट्टी बांधली. पुढच्या शनिवारी पुन्हा. घरचा माणूस मैदानात सगळ्यांच्या वर हात काढतो, हे मलाही बघायचं होतं. त्या तिघांवर ओरडताना हे मी सोयीस्कर विसरले होते, म्हणून आता स्वतःचाच जास्त संताप आला.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: रकमन पुढच्या सीझनला नाही. एमआरआय होईपर्यंत विचारू नये. पान फाडून ट्रेनरच्या हातात दिलं. ओल्या जर्सींची पिशवीही दिली. "वाळवायच्या तुम्ही."

दीर जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही.

सोमवारी सकाळी माझा पहिला पेशंट पुढे ढकलला आणि दिरांना घेऊन आठाच्या आत हाडांच्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिले. त्यांचं विम्याचं कार्ड मी माझ्याच हातात ठेवलं होतं, नाहीतर ते ट्रामच्या स्टॉपवरूनच परतले असते. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, कधीपासून? दीर म्हणाले, थोडे दिवस झाले.

"जूनपासून," मी म्हटलं. "आणि पट्ट्या मी बांधत होते."