सॅकमधल्या कडक भाकऱ्या
कडक भाकरीवरच्या भाजक्या तिळांचा वास आला की शुक्रवार पेठेतलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. किल्ल्यावर निघालेल्या दादानं अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची हलकी सॅक आणली होती. वजन नको म्हणून त्यानं आईनं भरलेली चादरसुद्धा बाहेर काढली. मग आईनं पापडासारख्या पातळ भाकऱ्या पुढं केल्या. “ह्या तरी ने की, लई हलक्या हायत. फकस्त मोडू देऊ नकोस.” “चौकट हाय की आई, एक बी मोडणार न्हाय,” दादा हसत म्हणाला. कडा चढण्याआधी त्यानं सॅक पायथ्याशी ठेवली, आणि वरून तो पडला. त्याचा देह घरी आणला तेव्हा मित्रांनी सॅकही आणली. आईनं ती उघडली. एकही भाकरी मोडली नव्हती. ती खाली बसली आणि एकेक भाकरी कटकन मोडत राहिली. आजही मी कडक भाकरी आमटीत भिजल्यावरच मोडतो, आवाज होऊ न देता.