सांगलीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस

गुरुवार, दिनांक २० जून १९७४, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. थोरल्या चुलतीने मला हाताने हलवून जागे केले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ऊठ. तुझं चुलतं हाका मारल्या तरी उठंनात."

मी सोप्यात गेलो. चुलते भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंग गार झाले होते. उशाशी धुतलेला सदरा घडी घालून ठेवलेला होता, कारण सातच्या एस.टी.ने आम्ही दोघे सांगलीला जाणार होतो. तेथील महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, गणित विषयासाठी, माझे नाव घालायचे होते. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला कचेरी बंद होणार होती.

चुलते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना मूल नव्हते. नोकरीची अखेरची वर्षे त्यांनी अहमदाबादच्या छावणीत काढली. तेथे त्यांच्या मेजरसाहेबांचा मुलगा व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका संस्थेत दाखल झाला. चुलते तिला 'कारखाना चालवायची शाळा' म्हणत. आमच्या भागात ऊस आमचा, साखर कारखाना आमचा, संचालक आमचे; मॅनेजर मात्र बाहेरून आणलेला, आणि त्याच्यापुढे संचालकही उभे राहून बोलत. हे चुलत्यांना सलत होते. तसा एक माणूस आपल्या घरातून काढायचा, असे त्यांनी ठरवले. मेजरसाहेबांच्या मुलाने पदवीला गणित घेतले होते. म्हणून मीही गणितच घ्यायचे. वरच्या हुद्द्याच्या माणसाने केले तसे केले की चुकत नाही, एवढे ते पलटणीत शिकले होते. साहेबाच्या घरची रीत त्यांच्या लेखी नियम होती. तो नियम कोणी केला, हे त्यांनी कधी विचारले नाही. मीही विचारले नाही.

वडिलांना साताऱ्याचे वाणिज्य हवे होते. धंद्याचे शिक्षण म्हणजे वाणिज्य, हे त्यांना सरळ दिसत होते. शिवाय साताऱ्याला रोज जाऊन येता येई आणि उसाच्या पाण्याची पाळी चुकत नसे. भावाच्या होकाराशिवाय त्याच्या मुलाला घरातून हलवायचे नाही, ही आमच्याकडची पद्धत. महिनाभर वडिलांनी होकार दिला नाही. चुलते थांबले, आणि थांबता थांबता मुदत संपत आली.

आदल्या संध्याकाळी जेवताना विषय पुन्हा निघाला.

"गनित शिकून कुठला धंदा करत्यात, दादा?" वडील म्हणाले. "आकडं काय गिऱ्हाईक व्हत्यात व्हय?"

"मेजरसायबाचं पोरगं काय खुळं हाय का?"

"त्येच्या बापाला रातच्याला उसाला पानी पाजायचं नसतंय."

"मग तू पाज की. का हात झिजलं तुझं?"

चुलती हसली. वडील हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमास्नी पोर न्हाई म्हनून माझं पळिवताय."

चुलत्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते मला म्हणाले, "उद्या सातची गाडी." वडील म्हणाले, "न्या." दोघा भावांमधले ते शेवटचे बोलणे.

सकाळी सोपा माणसांनी भरला. चुलत्यांनी गावात चार माणसांसमोर अनेकदा सांगितले होते, "मला आग ह्यो पोरगा देनार." आग देणाऱ्याने दहावा होईपर्यंत वेस ओलांडायची नसते. त्यातून चुलतीच्या माहेरची माणसे आल्याखेरीज प्रेत उचलता येत नव्हते. माहेर वाईचे. निरोप घेऊन माणूस गेला होता. ते दुपारशिवाय पोहोचणार नव्हते. माझ्या सांगलीला जाण्यावर चुलत्यांचा जीव होता आणि माझ्या हातच्या अग्नीवरही होता. दोन्हींसाठी दिवस एकच मिळाला.

चुलतीने मला आत बोलावले, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तू जा. त्येंचं मन त्यात व्हतं. आग तुझा बाप दील."

भावकीतले एक म्हातारे दाराशी बसले होते. ते म्हणाले, "आवं वैनी, चार मानसांत बोलून ठेवलंय त्येनं. पोरगं गेलं तर गाव नावं ठेवंल."

"गावाला आज दुसरं काम न्हाई का?"

"न्हाई. तुमच्याच मयतीपायी औतं सोडल्यात समद्यांनी."

वडील खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन विचारले, "काय करू?"

"तुझं तू बघ," ते म्हणाले. महिनाभर त्यांनी माझे ठरवले होते. त्या सकाळी ठरवायला नकार दिला.

फाट्यावर सातच्या गाडीचा हॉर्न वाजला. सांगलीला वेळेत पोहोचवणारी तेवढीच गाडी होती. मी जागेवरून उठलो नाही. गणित गेले, हे तेव्हाच समजले. चुलत्यांचा अग्नीचा शब्द गावाने ऐकला होता. गणिताचा शब्द फक्त घराने आणि भावकीने. मी गावाने ऐकलेला शब्द पाळला. तो थोर होता म्हणून नव्हे. तो मोडायची माझी हिंमत नव्हती.

वाईची माणसे उन्हे कलताना आली. त्यांत चुलतीचे एक भाऊ होते. ते तेथील हायस्कुलात शिक्षक होते. ओढ्याकाठी सरण रचले. न्हाव्याने माझे डोके भादरले. खांद्यावर मडके घेऊन मी फेरे घातले, मडके टाकले, अग्नी दिला. मग रिवाजाप्रमाणे कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत सगळे करंजाच्या झाडाखाली बसून राहिलो.

शिक्षकांनी मला विचारले, "पुढं काय शिकणार आहेस?"

मी काही बोलण्याआधी भावकीतल्या त्याच म्हाताऱ्यांनी सांगितले, "आज सांगलीला नाव घालायचं व्हतं गनिताला. ऱ्हायलं. कारखाना चालवायच्या शाळंत गनिताबिगर घेत न्हाईत म्हनं."

"असं कोण म्हणालं?"

"ह्येच." म्हाताऱ्यांनी सरणाकडे बोट केले.

शिक्षक थोडे घुटमळले. मग म्हणाले, "तसं काही नाही. कोणतीही पदवी चालते. माझा एक विद्यार्थी गेला तिथं, त्यानं संस्कृत घेतलं होतं. त्यांची परीक्षा निराळी असते, ती पास व्हावी लागते."

वडिलांनी मान वर केली. "वानिज्य चालतंय?"

"चालतं."

"आन् गनित बी?"

"तेही चालतं, पाव्हणं."

वडील जाळाकडे पाहत म्हणाले, "मंग म्हैनाभर कशापायी भांडलो आमी?"

 सरणात आवाज झाला. सगळे उठले आणि ओढ्यावर अंघोळीला गेले.

शिक्षकांचे म्हणणे खरे होते. पुढे वाणिज्याची पदवी घेऊन मी त्या परीक्षेला बसलो. निवड झाली नाही. त्यात शाखेचा दोष नव्हता.

दिवस मावळताना वडील घरामागच्या परड्यात माझ्याजवळ आले. म्हणाले, "उद्या मी सांगलीला जातो. प्राचार्याच्या पाया पडतो. सांगतो, घरात मयत झाली. तू गनितच घ्यायचं."

"मुदत संपली."

"पाया पडतो म्हनतोय न्हवं."

"तुमास्नी सुतक हाय."

"मला म्हाईत हाय ते. त्येला बोललो ते बी म्हाईत हाय."

ते उभे होते. मला बसून राहवेना. मी म्हणालो, "सातारला अजून नाव घालून घेत्यात. दहावा झाला की जातो. वानिज्य घेतो."

महिनाभर जे मागत होते ते त्यांना मिळाले. त्यांनी ते घेतल्यासारखे दिसले नाही. काही वेळाने ते गोठ्यात गेले आणि बैलांना वैरण टाकून तेथेच बसून राहिले.  

अग्नी देताना नेसलेला पंचा अजून ओला आणि राखेने माखलेला होता. मी विहिरीवर जाऊन तो धुतला, पिळला आणि परड्यातल्या दोरीवर वाळत घातला. दहाव्यापर्यंत रोज सकाळी तोच नेसायचा होता.